वाट आंखावी कोणाला विचारून?

गेल्या महिन्यांत आमच्या घरांतील जेवणाच्या मेजावर एक मोठा नकाशा येऊन पडला, आणि त्यानें आम्हां सर्वांना पंधरा दिवस पाटावर बसून जेवावयास लावलें. घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें. त्यांतील चौघांचे गुडघे पाटाला राजी नाहींत. तरी नकाशा हालला नाहीं. तो आमच्या पुतण्यानें काढलेला होता, आणि पुतण्या वास्तुशिल्पी असल्यामुळें त्याच्या कागदाला घरांत जो मान आहे तो आमच्या लिखाणाला गेल्या तीस वर्षांत लाभलेला नाहीं.

नकाशा आमच्याच वसाहतीचा. पुण्याच्या पश्चिमेस टेकडीच्या पायथ्याशीं ही वसाहत आहे. एका टोकाला टेकडीची चढण, दुसऱ्या टोकाला मुलांची शाळा आणि भाजीबाजार. अंतर फार तर दीड किलोमीटर. मध्यें एक नाला, दोन गल्ल्या, एका जुन्या बागेची लांबलचक भिंत आणि एक रहदारीचा रस्ता. एवढ्याशा अंतरासाठीं घरोघरच्या मोटारी आणि स्कूटरी बाहेर निघतात. कां, तर पायीं जावयास धड वाट नाहीं, आणि मुलांना सायकलीवर पाठविण्याचा कोणाला धीर होत नाहीं. म्हणून टेकडीपासून शाळेपर्यंत चालणाऱ्यांसाठीं व सायकलींसाठीं एक सलग वाट असावी, वसाहतीनेंच तिचा आराखडा करावा आणि तो महानगरपालिकेपुढें ठेवावा, अशी कल्पना निघाली. कल्पना चांगलीच होती. पुण्यांत २००६ पासून नागरिकांनीं आपल्या भागांतील लहान कामें सुचवावींत आणि पालिकेनें त्यांचा वार्षिक अंदाजपत्रकांत विचार करावा अशी सोय आहे. तेव्हां अर्ज कोठें करावयाचा हा प्रश्न नव्हता. अर्जांत काय लिहावयाचें, एवढाच होता.

त्यासाठीं एका रविवारीं सकाळीं दहा वाजतां देवळाच्या सभामंडपांत सभा भरली. एकवीस गृहस्थ आले आणि दोन स्त्रिया. त्यांपैकीं एक चहा घेऊन आल्या होत्या. सभा अडीच तास चालली. बाकें लांकडाचीं असावींत कीं लोखंडाचीं, यावर पाऊण तास गेला. वाटेला नांव कोणाचें द्यावें, यावर एक तास. वाट अजून व्हावयाची होती, परंतु तिच्या नांवावरून दोन जुने स्नेही एकमेकांशीं बोलेनासे झाले. शेवटीं ‘आराखडा सर्वानुमतें मान्य’ असा ठराव झाला, आणि तो मीं स्वतःच्या हस्ताक्षरांत लिहिला.

घरीं आल्यावर वहिनींनीं पानें मांडतां मांडतां विचारलें, “भाऊजी, सभा किती वाजतां होती?”

“दहा वाजतां.”

“रविवारीं सकाळीं दहा वाजतां कोणत्या घरांतली बाई मोकळी असते? आणि सर्वानुमतें म्हणजे कोणाच्या मतें?”

हा प्रश्न थट्टेवारी नेतां आला असता. परंतु निदान पुणेकरानें तरी तसें करूं नये, कारण न विचारतां आंखलेल्या वाटांचें पुढें काय होतें हें या शहरानें डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. आम्ही कॉलेजांत जात होतों त्या काळीं पुणें म्हणजे सायकलींचें शहर. तासाच्या भाड्यानें सायकल मिळे. डबलसीट दिसला कीं पोलीस शिट्टी फुंकी. रात्रीं दिवा नसला तर खालीं उतरून, सायकल हातांत धरून, साळसूदपणें चौक ओलांडावा लागे. तें शहर पुढें स्कूटरींनीं आणि मग मोटारींनीं गिळलें. २००६ च्या सुमारास कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बसगाड्यांसाठीं स्वतंत्र मार्गिका झाल्या, तेव्हां त्यांच्या कडेनें सायकलींसाठींहि पट्टे बांधण्यांत आले. नंतर आणखी कांहीं रस्त्यांवर बांधले गेले. ज्यांनीं त्यांवरून सायकल चालवून पाहिली त्यांना तो अनुभव विसरतां येणार नाहीं. पट्टा चांगला चालतां चालतां एखाद्या झाडापाशीं थबकतो. झाड चुकवावें तों पुढें विजेची पेटी. ती ओलांडावी तों दुकानाच्या पाट्या. आणि चौक आला कीं पट्टा जो गुप्त होतो तो पलीकडे कोठें प्रकट होईल याचा नेम नाहीं. सायकलवाल्याला आधार हवा असतो तो नेमका चौकांत! लोक त्या पट्ट्यांवरून जात ना, म्हणून त्यांवर गाड्या उभ्या राहूं लागल्या. गाड्या उभ्या राहतात म्हणून लोक जात ना. मग ‘पुणेकरांना सायकल नकोच आहे’ असें म्हणावयास सर्व मोकळे.

पालिकेला हें कळलें नाहीं असें मी म्हणणार नाहीं. २०१६ मध्यें तिनें पादचाऱ्यांविषयीं धोरण ठरविलें. २०१७ च्या डिसेंबरांत सबंध शहराची सायकल योजना मंजूर झाली. तींत सुमारें ८२४ किलोमीटरांचें जाळें दाखविलें आहे, आणि ती करतांना नागरिकांच्या सूचनाहि मागविण्यांत आल्या होत्या. त्याच महिन्यांत तासाच्या भाड्याच्या सायकली शहरांत पुन्हां अवतरल्या. आतां दुकानांतून नव्हे, तर मोबाइलनें कुलूप उघडून. आमच्या नातवंडांनीं त्या हौसेनें फिरविल्या. दोनतीन वर्षांत त्या बहुतेक दिसेनाशा झाल्या. पुढें ११ डिसेंबर २०२१ रोजीं लक्ष्मी रस्त्याचा कांहीं भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला. आम्ही सहकुटुंब गेलों होतों. रस्त्याच्या अगदीं मधून चालतांना वहिनी सारख्या मागें वळून पाहत होत्या. गाडी येत नाहीं याची खात्री त्यांना शेवटपर्यंत पटली नाहीं.

असो. वहिनींच्या प्रश्नाला उत्तर म्हणून पुतण्यानें माझा ठराव बाजूला ठेवला, नकाशाच्या दहा प्रती काढल्या आणि घरांतील सर्वांना कामाला लावलें. सभा नाहीं, भाषण नाहीं. वेगवेगळ्या वेळीं वाटेवर जाऊन उभें राहावयाचें, जो भेटेल त्याच्याबरोबर त्याच्या वाटेनें चालावयाचें, आणि तो जेथें थांबतो, वळतो किंवा रस्त्यावर उतरतो तेथें नकाशावर खूण करावयाची. ‘वाट कशी असावी’ असें कोणास विचारावयाचें नाहीं. ‘तुम्ही कोठून जातां आणि तेथूनच कां’ एवढेंच विचारावयाचें. पहिला प्रश्न ऐकून माणूस सभेंत बोलल्यासारखा बोलूं लागतो. दुसऱ्याचें उत्तर त्याच्या पायांना ठाऊक असतें.

पहाटे साडेपांचची वेळ मीं घेतली. माझी समजूत अशी कीं, त्या वेळीं टेकडीवर जाणारी आमच्यासारखी पेन्शनर मंडळीच भेटावयाची. ती भेटलीच, परंतु तिच्या तिप्पट भेटल्या त्या घरकामाला निघालेल्या बायका. नाल्यापलीकडच्या वस्तींतून त्या निघतात आणि साडेसहाच्या आंत पहिल्या घरीं पोंचतात. आमच्या आराखड्यांतील वाट नाल्याच्या अलीकडच्या कांठानें होती, कारण अलीकडे गुलमोहर आहेत. या बायका पलीकडच्या कांठानें येतात, एका जुन्या पाण्याच्या नळावर पाय देऊन नाला ओलांडतात आणि एका बंगल्यामागच्या बोळांतून बाहेर पडतात. दिवसांतून चार वेळां, पावसाळ्यांतसुद्धां. आमच्या आराखड्यांत नाल्यावर पूल नव्हता. आम्हांला पलीकडे जाण्याचें कारण कधीं पडलेंच नव्हतें.

आमच्याकडे चौदा वर्षें कामाला येणाऱ्या बाई त्यांतच होत्या. मी त्यांच्याबरोबर चालत आमच्याच दारापर्यंत आलों. फाटक चार पावलांवर असतांना त्या फुटपाथवरून खालीं उतरल्या, रस्त्यावरून वळसा घेऊन पुढें गेल्या आणि मग फाटकाकडे वळल्या. खूण करावयाची म्हणून मीं विचारलें, “इथं का उतरलात?”

त्या जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, “गाडीच्या उतारावर पाय सरकतो ना, काका. पावसात तर लईच. आम्ही सगळ्या जणी इथून खालूनच जातो. काकू इथंच पडल्या होत्या की.”

वहिनी दोन वर्षांपूर्वीं आषाढांत पडल्या. मांडीचें हाड मोडलें, शस्त्रक्रिया झाली, पांच महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या; अजूनहि त्या जिना एकेक पायरीनें चढतात. त्या पांच महिन्यांत आम्हीं घरांतील पुरुषांनीं पावसाला दोष दिला, शेवाळाला दिला, पालिकेला तर यथेच्छ दिला. दादांची मोटार आंत यावी म्हणून आम्हींच फुटपाथ फोडून जो गुळगुळीत फरशीचा उतार करून घेतला होता, त्याचें नांव एकदांहि निघालें नाहीं. मीं नकाशावर आमच्या घरासमोर लाल शाईनें खूण केली. आंत जाऊन कोणाशीं कांहीं बोललों नाहीं.

दुपारीं शाळा सुटण्याची वेळ सूनबाईकडे होती. तिनें वर्गाच्या बाईंना सांगून चौथीच्या मुलांकडून घर ते शाळा या वाटेचीं चित्रें काढून आणलीं. मुलांच्या चित्रांत घरें लहान आणि कुत्रीं मोठीं असतात हें आम्हांला त्या दिवशीं समजलें. एका मुलीनें बागेची भिंत कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत काढली होती आणि तिच्यावर दुसरें कांहींच काढलें नव्हतें. खालीं लिहिलें होतें, ‘इथे मी पळते.’ आमच्या आराखड्यांत, सावली चांगली म्हणून, नेमकीं त्या भिंतीच्या कडेला सहा बाकें मांडलेलीं होतीं.

त्या भिंतीची गोष्ट निराळी सांगितली पाहिजे. ती शंभर-सव्वाशें पावलें लांब आहे. तिला दार नाहीं, खिडकी नाहीं, तिच्यासमोर कोणाचें फाटक उघडत नाहीं. दिवे असूनहि संध्याकाळनंतर स्त्रिया तेथून जात नाहींत. लांबचा वळसा घेऊन मोठ्या रस्त्यानें जातात. परंतु रात्रीं नऊपर्यंत कित्येक जणी जातात असें आमच्या धाकट्या सूनबाईच्या टिपणांत आलें, आणि त्याचें कारण भिंतीच्या टोकाशीं उभी राहणारी एक भाजीची हातगाडी. गाडीवाल्या बाईंचा एक पिवळा दिवा आणि त्यांची सर्वांशीं चाललेली बडबड, एवढ्यावर ती गल्ली जागी असते. त्या गाडी ढकलून घरीं गेल्या कीं वाट बंद. आमच्या ठरावांतील चौथें कलम ‘वाटेवरील अतिक्रमणें हटविण्यांत यावींत’ असें होतें. तें लिहितांना सभेतील प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर हीच गाडी होती, हें मीं कबूल केलें पाहिजे.

रस्त्यावरील विक्रेत्यांसाठीं २०१४ मध्यें देशांत कायदा झाला आहे. त्याप्रमाणें त्यांच्या जागा ठरविणाऱ्या नगर समितींत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनींच निवडून दिलेले असावे लागतात. म्हणजे ज्या बाईंना सरकारनें विचारणें कायद्यानें आवश्यक आहे त्यांना विचारण्याचें आम्हां शेजाऱ्यांना सुचलें नव्हतें. विचारल्यावर त्यांनीं सांगितलें कीं, भिंतींत पूर्वीं बागेचें एक फाटक होतें, तें विटांनीं बुजविलें आहे. तें उघडलें तर गाडी त्या कोनाड्यांत मागें सरकेल आणि वाट पूर्ण मोकळी राहील. असें फाटक होतें हें आमच्यापैकीं कोणालाच आठवेना. दादांना आठवलें. त्या फाटकांतून ते लहानपणीं पेरू चोरावयास जात असत.

आतां रुंदीविषयीं थोडें लिहितों, कारण वाचकांपैकीं कोणाला आपल्या आळींत असें काम हातीं घ्यावयाचें असेल तर तें उपयोगीं पडेल. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणें फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि त्याची रस्त्यापासून उंची १५० मिलिमीटरांहून अधिक नसावी. यांतील ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. झाड, खांब, पेटी, दुकानाची पायरी हीं सर्व वजा करून जें उरतें तें मोजावयाचें. आम्हीं फितीनें मोजलें तेव्हां दोन मीटरांचा म्हणून बांधलेला फुटपाथ पुष्कळ ठिकाणीं हातभर उरला, आणि उंची कोठें कोठें चांगली वीतभर भरली. एवढी पायरी ज्यांच्या गुडघ्यांना चढवत नाहीं ते रस्त्यावरून चालतात, आणि आपण त्यांना बेशिस्त म्हणतों. शिवाय प्रत्येक फाटकाशीं मोटारीच्या उतारासाठीं फुटपाथ खालीं येतो आणि पुन्हां वर चढतो. आमच्या गल्लींत असे एकोणीस उतार आहेत. एकोणीस वेळां चढून उतरून भाजी आणावयाची म्हणजे ती टेकडीच झाली.

सायकलींवरून मात्र घरांत खरी वादावादी झाली. आमच्या वयाच्या मंडळींना सायकलीचा मोठा धसका. ती मागून येते आणि आवाज करीत नाहीं. तरुण मंडळींचें म्हणणें, वेगळा पट्टा हवाच. पुतण्या म्हणाला, दोन्ही गल्ल्यांत वेगळ्या पट्ट्याला जागाच नाहीं. तेथें सायकली रस्त्यावरूनच जाव्यात आणि मोटारींचाच वेग कमी करावा. वेगळा पट्टा फक्त नाल्याच्या कांठीं. वाद मिटेना, तेव्हां त्यानें क्रिकेटच्या मैदानावर मारतात तशा चुन्याच्या रेघा नाल्याच्या कांठीं मारल्या, कडेला विटा मांडल्या आणि पंधरा दिवस काय होतें तें पाहूं म्हणाला. पहिल्या रात्रीं विटा नाहींशा झाल्या. त्या कोणाच्या ओट्याला लागल्या हें सर्वांना ठाऊक आहे. रेघा मात्र राहिल्या, आणि आश्चर्य असें कीं सायकलवाल्यांनीं त्या पाळल्या. एका वळणावर तेवढी गडबड होई. तेथें पहाटे दुधाचे क्रेट उतरतात, म्हणून चालणारे सायकलींच्या पट्ट्यांत येतात. दूधवाल्याला विचारून क्रेटची जागा दहा पावलें पुढें नेली, रेघ थोडी वांकविली, आणि मग तक्रार आली नाहीं. काँक्रीट ओतल्यावर हा दोष दिसला असता तर तो वांकविण्यास किती वर्षें आणि किती अर्ज लागले असते याचा हिशेब वाचकांनींच करावा.

एवढें झाल्यावर आम्ही जरा फुशारलों होतों. नव्या नकाशांत पलीकडच्या कांठाची वाट आली, नाल्यावर लहानसा पूल आला, बाकें भिंतीपासून हाललीं. तो नकाशा मीं आमच्या कामाच्या बाईंना मोठ्या उत्साहानें दाखविला. त्यांनीं पुलावर बोट ठेवलें, बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, “काका, पूल झाला की आमच्या खोल्यांचं भाडं वाढंल का?”

याचें उत्तर कोणाजवळ नव्हतें. माझी धाकटी पुतणी शिकागोस असते. तिला मीं ही हकीकत कळविली, तेव्हां तिनें तिच्या शहरांतील एका वाटेविषयीं लांबलचक पत्र पाठविलें. तेथें दाट वस्तीमधून, रस्त्यांच्या वरून, उंच भरावावर मालगाडीचा एक जुना लोहमार्ग जात असे. गाड्या बंद पडल्यावर तेथें चालण्याची आणि सायकलींची वाट व्हावी म्हणून रहिवाशांनीं २००३ मध्यें एक मंडळ काढलें. पुढें पालिका आणि इतर संस्था येऊन मिळाल्या, २०११ मध्यें लोकांच्या सभा होऊन वाटेचें रूप ठरलें, आणि ६ जून २०१५ रोजीं ती खुली झाली. लांबी २.७ मैल, म्हणजे सव्वाचार किलोमीटरांहून किंचित् अधिक. मध्यें काँक्रीटचा पट्टा आणि दोन्ही कडांना धांवणाऱ्यांच्या गुडघ्यांसाठीं रबराची दोन दोन फुटांची मऊ किनार. लोकांना विचारून केलेली वाट कशी असावी याचा तो नमुना आहे असें पुतणीचें मत आहे. ती रोज तेथूनच कामावर जाते. परंतु वाटेचें काम २०१३ मध्यें सुरू झालें आणि २०१६ पर्यंत तिच्या पश्चिमेकडील, साध्या माणसांच्या भागांत घरांच्या किमती सुमारें ४८ टक्क्यांनीं चढल्या, असें तेथील डीपॉल विद्यापीठाच्या एका संस्थेनें दाखविलें. दोन-तीन बिऱ्हाडांचीं जुनीं घरें पाडून तेथें एकेका श्रीमंत कुटुंबाचीं घरें उठूं लागलीं. वाटेसाठीं सभांना गेलेल्या कित्येक भाडेकऱ्यांना ती वस्तीच सोडावी लागली. शेवटीं २०२० मध्यें पालिकेनें त्या भागांत घरें पाडण्यास तात्पुरती बंदी केली आणि २०२१ मध्यें पाडकामावर जादा आकार बसविला. “काका,” तिनें लिहिलें आहे, “वाट कशी हवी ते आधी विचारलं. वाट झाल्यावर तुम्ही इथं राहू शकाल का, ते फार उशिरा विचारलं.”

पत्र मीं मोठ्यानें वाचून दाखविलें. आमच्या एका पुलानें शिकागोइतका अनर्थ होईल असें मला वाटत नाहीं. तरी नाल्यापलीकडील खोल्यांचे दोन मालक आमच्याच वसाहतींत राहतात आणि ते सभेला हजर होते, हेंहि खरें. त्यांच्याशीं पुलाचा विषय निघण्याच्या आधीं बोलावें, निदान कांहीं वर्षें भाडें न वाढविण्याचा शब्द त्यांच्याकडून घ्यावा, असें ठरलें आहे. शब्द मिळेल कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. पुलावांचून मात्र अर्ज करावयाचा नाहीं, यावर घरांत एकमत आहे.

राहतां राहिली आमच्या दारांतील लाल खूण. ती दादांनीं पाहिली, तेव्हां सर्व जण मेजाभोंवतीं होते. दादा आतां एक्याऐंशी वर्षांचे आहेत. संधिवातानें त्यांचें चालणें जवळजवळ बंद झालें आहे. त्यांनीं खुणेचा अर्थ विचारला, आणि पुतण्यानें तो सांगितला. ते रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, “ज्यांचे पाय चालतात त्यांच्यासाठीं तुम्ही वाट करतां आहां. माझे चालत नाहींत. मोटार दारांत आली तरच मी बाहेर पडतों. मला कोणीं विचारलें?”

तें म्हणणें खोटें नव्हतें. दहा नकाशे घेऊन आम्ही गांवभर हिंडलों होतों आणि घरांतल्या वडील माणसाबरोबर खोलीपासून फाटकापर्यंत चाललों नव्हतों. पुतण्यानें तेथल्या तेथें कागद ओढला आणि दाखविलें: फुटपाथ आहे त्या उंचीवर सपाट पुढें न्यावयाचा, मोटारीनें कडेला थोडें चढून त्याच्यावरून जावयाचें, आणि आंतला उतार आपल्या आवारांत घ्यावयाचा. मोटार दारांत येईल. चालणाऱ्याला उतार लागणार नाहीं. फक्त आवारांत चार फूट जागा लागेल, आणि त्या चार फुटांत आमच्या आईनें लावलेलें अनंताचें झाड आहे.

कोणी कांहीं बोललें नाहीं. मग दादांनीं वहिनींकडे पाहिलें आणि विचारलें, “तूं तेथेंच पडलीस?”

“हो.”

“बोलली नाहींस कधीं.”

“नवी गाडी आली होती तेव्हां तुम्ही किती आनंदांत होतां,” वहिनी म्हणाल्या. “आणि बोलून हाड लवकर जुळलें असतें का?”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दादा काठी टेकीत, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून, पुष्कळ महिन्यांनीं फाटकाबाहेर गेले. उतारापाशीं बराच वेळ उभे राहिले. काठीनें फरशी ठोकून पाहिली, मग आंत येऊन अनंताच्या बुंध्यापासून फाटकापर्यंतचें अंतर नातवाला दोनदां मोजावयास लावलें.

गुरुवारीं गवंडी यावयाचा आहे. झाड हलवावें कीं फाटकच डावीकडे सरकवावें याचा निकाल अजून लागलेला नाहीं. फाटक सरकविलें तर शेजाऱ्यांचा विजेचा खांब आड येतो, आणि शेजारी हे बाकांच्या प्रश्नावर अजून रुसलेले आहेत. दुसरी सभा पुढच्या शनिवारीं दुपारीं साडेतीन वाजतां नाल्यापलीकडे, वस्तींतील नळाच्या कट्ट्यापाशीं ठेविली आहे. त्या वेळीं तेथील बायका कामावरून परतलेल्या असतात आणि पाणी यावयाचें असतें. वहिनी येणार आहेत. त्यांना जुन्या नळावरून नाला ओलांडवणार नाहीं, म्हणून दादांनीं त्यांना मोटारीनें मोठ्या रस्त्यावरून वळसा घालून नेण्याचें कबूल केलें आहे.